केडल्स्टन हॉल : डर्बीशायरमध्ये अर्धा राहिलेला आणि कलकत्त्यात पुरा झालेला वाडा

डर्बीकर (धागालेखक)

आम्ही डर्बीत राहायला आलो त्याला नऊ वर्षं झाली. शहरातून वायव्येला सहा-सात किलोमीटर गेलं की घरं संपतात, कुरणं लागतात आणि एका वळणावर तळ्यापलीकडे तो वाडा दिसतो. उत्तरेकडची दर्शनी बाजू साडेतीनशे फुटांच्या आसपास. मधे खांबांचा भव्य देवडीसारखा भाग, दोन्ही बाजूंना वळलेल्या पडव्या आणि त्यांच्या टोकांना एकेक स्वतंत्र इमारत. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेचं सभासदत्व घेतल्यापासून मी तिथे किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही. पण ह्या धाग्याचं खरं निमित्त आई आहे.

गेल्या उन्हाळ्यात आई इकडे आली होती. तिचं माहेर जावळीतलं, कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. तिला मोठ्या कौतुकाने केडल्स्टनला नेलं. वाड्याला अगदी चिकटून एक जुनं चर्च आहे, बाराव्या-तेराव्या शतकातलं. ती खांब बघेना, घुमट बघेना. चर्चपाशी उभी राहून म्हणाली, "देऊळ हाय, मग गाव कुठं गेलं?"

इतक्या फेऱ्यांत मला हा प्रश्न पडला नव्हता. आणि तिचं बरोबर होतं. तिथे गाव होतं.

कर्झन घराणं मूळचं नॉर्मन, बाराव्या शतकापासून ह्या जागेवर. १७५८ साली सर नॅथॅनिएल कर्झनकडे वारसा आला तेव्हा इथे लाल विटांचा वाडा होता, तोही फार जुना नव्हता. पण ह्या गृहस्थांच्या डोक्यात रोम होतं. १७५९ मध्ये त्याने नवं काम सुरू केलं. जुना वाडा पाडला, गाव उठवून दूर वसवलं, गावातून जाणारा हमरस्तासुद्धा वळवला, म्हणजे खिडकीतून बघताना कुरण, तळं आणि झाडं एवढंच दिसावं. राहिलं फक्त ऑल सेंट्स चर्च. त्यात कर्झन घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या पुरलेल्या होत्या, ते हलवणार कसं? आज आपण ज्याला 'निसर्गरम्य परिसर' म्हणतो, त्या आठशे एकर पार्कातलं तळं, धबधबे, तीन कमानींचा पूल, सगळं आखून केलेलं आहे.

वास्तुरचनाकार तीन झाले. पहिला मॅथ्यू ब्रेटिंगहॅम, मग जेम्स पेन, आणि शेवटी रॉबर्ट ॲडम. ॲडम तेव्हा तिशीतला, नुकताच इटलीहून परतलेला. त्याला आधी नुसतं बागेतल्या छोट्या इमारतींचं काम दिलं होतं. दोनेक वर्षांत त्याने अख्खा वाडा ताब्यात घेतला.

आत शिरल्यावर पहिलं दालन म्हणजे मार्बल हॉल. पंचवीस फूट उंचीचे वीस खांब, अलाबास्टरचे. हा दगड गुलाबी-पिवळसर, शिरा असलेला, आणि तिथल्याच मुलखातला. उजेड छतातून येतो. रोमन घराच्या चौकात उभं राहिल्यासारखं वाटावं हा बेत. आपल्या वाड्यातला चौक आठवतोच, फक्त वर आभाळ नाही. त्याच्यामागे गोल सलून, बेचाळीस फूट रुंद, बासष्ट फूट उंच, रोमच्या पँथिऑन ह्या प्राचीन मंदिरावर बेतलेलं. दक्षिणेची बाजू तर कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीवरून घेतली आहे.

ह्या मधल्या भागात कुणी राहत नसे. तो पाहुण्यांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायचा. घरची माणसं एका बाजूच्या इमारतीत राहत, मुदपाकखाना दुसऱ्या बाजूला. वाडा पुरता झाला नव्हता तेव्हापासूनच लोक बघायला येत. १७६९ साली पाहुण्यांसाठी आतल्या चित्रांची यादी छापून ठेवलेली होती. मिसेस गार्नेट नावाच्या कारभारणीचं काम म्हणजे लोकांना फिरवून माहिती सांगणं. १७७७ मध्ये प्रसिद्ध कोशकार डॉ. जॉन्सन आले त्यांनाही तिनेच फिरवलं. एवढं वैभव बघून जॉन्सनसाहेबांचा अभिप्राय काय, तर खांबांचं दालन न्यायाधीशांना बसायला, गोल दालन ज्यूरीला आणि वरची खोली कैद्यांना छान होईल! पुढे त्या कारभारणीचं चित्र काढून घेतलं गेलं आणि तेही वाड्यात लागलं. उमराव-सरदारांच्या तसबिरींमध्ये कारभारणीची तसबीर, हे मला फार आवडतं.

आता मुख्य मुद्दा. आराखड्यात कोपऱ्यांवरच्या इमारती चार होत्या. उत्तरेच्या दोन झाल्या. दक्षिणेच्या दोन, ज्यात एका बाजूला संगीताचं दालन आणि दुसऱ्या बाजूला काचगृह व प्रार्थनागृह यायचं होतं, त्या कधीच झाल्या नाहीत. खर्च पेलवेना. आजही मागच्या बाजूला गेलात तर तिथे नुसतं गवत आहे.

त्या चार इमारती उभ्या राहिल्या चाळीस वर्षांनी, गंगेकाठी. गव्हर्नर-जनरल वेलस्लीने १७९९ ते १८०३ ह्या काळात कलकत्त्यात गव्हर्नमेंट हाउस बांधलं ते केडल्स्टनच्या आराखड्यावरून. बांधणारा कॅप्टन चार्ल्स वायट, बंगाल इंजिनिअर्समधला. ह्याच वायट घराण्यातला सॅम्युएल वायट केडल्स्टनच्या बांधकामावर देखरेखीला होता. हिंदुस्थानच्या हवेत चारी बाजूंनी वारा खेळायला हवा, म्हणून चार पंख हवेतच. अलाबास्टर नव्हतं; विटा रचल्या आणि वरून चुन्याचा गुळगुळीत गिलावा केला. इकडे लंडनमध्ये कंपनीचे संचालक खर्चाचा आकडा बघून खवळले.

तारखा बघा. पळून वसईला गेलेल्या दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेच्या तहावर सही केली ती ३१ डिसेंबर १८०२ ला. आसई आणि लासवारी १८०३ ची. वेलस्लीचा हा वाडा पुरा झाला तो ह्याच सुमाराला. आपली गोष्ट केडल्स्टनशी जोडली जाते ती इथपासून.

शतकभराने, जानेवारी १८९९ मध्ये, त्या वाड्यात राहायला कोण आलं? जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन, जन्म १८५९, केडल्स्टन. त्याने स्वतः म्हटलेलं आहे की कलकत्त्याचं घर आपल्या घरावरून बांधलंय हे लहानपणी कळलं, तेव्हाच आपण कधीतरी व्हाइसरॉय होऊ शकतो हा विचार पहिल्यांदा डोक्यात आला. जन्मघराची नक्कल, तीही मूळ घरापेक्षा पूर्ण. आणि त्याच इमारतीत कायदे कौन्सिलच्या बैठका भरत. म्हणजे मार्च १९०२ मध्ये गोपाळराव गोखल्यांनी अंदाजपत्रकावरचं ते गाजलेलं पहिलं भाषण केलं, सरकारी तिजोरीतली शिल्लक म्हणजे रयतेच्या खिशातून जास्तीचा काढलेला पैसा आहे, मिठावरचा कर कमी करा, असं कर्झनच्या तोंडावर सांगितलं, ते केडल्स्टनच्या आराखड्यावर बांधलेल्या छपराखाली.

मार्बल हॉलमध्ये उभा राहिलो की मला आता गोखले आठवतात. इथल्या कुठल्याही पाटीवर ते नाव नाही. म्हणून हा धागा.

निवडुंग

उत्तम लेख. आईंचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला.

दोन शंका. धिंग्रांनी मारला तो कर्झन हाच का? आणि हा सगळा थाट आपल्याकडून नेलेल्या पैशावरच झाला असणार ना?

डर्बीकर

निवडुंग, दोन्ही शंका रास्त आहेत, पण दोन्हींचं उत्तर 'नाही'.

मदनलाल धिंग्रांनी १ जुलै १९०९ ला लंडनमध्ये गोळ्या घातल्या तो सर विल्यम कर्झन वायली. सावरकरांच्या चरित्रांत तो नेहमी 'कर्झन वायली' असाच येतो, म्हणून हा गोंधळ खूप जणांचा होतो. लॉर्ड कर्झन त्यानंतर परराष्ट्रमंत्री झाला आणि १९२५ मध्ये आजारपणात गेला.

पैशाचं म्हणाल तर केडल्स्टन बांधलं ते जमिनीच्या उत्पन्नावर. इथली कुळं खंड भरत, त्यातून हे खांब उभे राहिले. १७५९ मध्ये ह्या घराण्याचा हिंदुस्थानशी सांगण्यासारखा संबंध नव्हता. हिंदुस्थानच्या पैशाचे वाडे बघायचे तर बर्कशायरचं बेसिल्डन पार्क बघा, ते बंगालमध्ये गबर झालेल्या फ्रान्सिस साइक्सने बांधलं. किंवा ग्लॉस्टरशायरचं सेझिनकोट, तांब्याचा कांद्यासारखा घुमट, छज्जे आणि पुलावर चक्क नंदी. तो वाडा चार्ल्स कॉकरेलचा, कंपनीच्या नोकरीतला माणूस.

ही तफावत नीट सांगितली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. सगळ्याच वाड्यांना 'लूट' म्हटलं की जिथे खरोखर लूट आहे तिथलं बोट ढिलं पडतं. २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने वसाहती आणि गुलामगिरीशी संबंध असलेल्या आपल्या ९३ वास्तूंचा अहवाल काढला. इथे त्यावर केवढा गदारोळ झाला! केडल्स्टन त्यात आहे, पण कर्झनच्या कारकिर्दीमुळे आणि त्याने आणलेल्या वस्तूंमुळे. तळमजल्यावर त्याचं 'ईस्टर्न म्युझियम' आहे, त्याच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये मांडलेलं. चांदी, हस्तिदंत, शस्त्रं, कापड. काही विकत घेतलेलं, काही नजराणे म्हणून आलेलं. व्हाइसरॉयला नजराणा देणारा किती खुशीने देत असेल, हा विचार त्या कपाटांपुढे केल्यावाचून राहवत नाही.

शेवंती

मी हे संग्रहालय पाहिलंय, आणि मी तिथे गेले ती फक्त एका झग्यासाठी. लेडी कर्झनचा मोराचा झगा.

मी स्वतः जरीकाम शिकले आहे म्हणून जरा विस्ताराने लिहिते. जानेवारी १९०३ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त दिल्ली दरबार भरला, त्यातल्या नाचाच्या समारंभात मेरी कर्झनने तो घातला होता. सोन्या-चांदीच्या तारेने कापड भरून काढलंय आणि नक्षी मोरपिसांची, एकावर एक चढवलेली, खवल्यांसारखी. प्रत्येक पिसाच्या डोळ्यात निळा-हिरवा ठिपका चमकतो. लोकांना वाटतं ती पाचूची खडी आहे. ती भुंग्याच्या जातीच्या किड्याची पाठीवरची कठीण पंखं आहेत, कापून टाचलेली. आपल्याकडे हे काम फार जुनं. रंग कधी उडत नाही, सव्वाशे वर्षांनी तार काळवंडलीय पण पंखं कालची वाटतात.

भरतकाम दिल्ली-आग्र्याच्या कारागिरांनी केलं. मग ते तुकडे पॅरिसला वर्थ ह्या पेढीकडे गेले, तिथे झगा शिवला गेला आणि परत हिंदुस्थानात आला. वजन साडेचार किलोच्या आसपास. काचेपाशी वर्थचं नाव ठळक वाचलं. कारखान्यात दिवसाच्या उजेडात मान मोडून बसलेले ते जरदोज, त्यांचं एकही नाव मला तिथे दिसलं नाही. मला तिथे रडू आलं. मेरीबद्दल राग नाही, ती शिकागोच्या व्यापाऱ्याची मुलगी, छत्तिसाव्या वर्षी गेली. पण टाका ज्याचा, त्याचं नाव असायला हवं होतं.

गावकूस

डर्बीकरदादा, गाव उठवण्याचा भाग तुम्ही दोन वाक्यांत उरकलात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

केडल्स्टन एकटं नाही. त्या शतकात इंग्लंडमध्ये हा रिवाजच पडला होता. डॉर्सेटमधलं मिल्टन ॲबस घ्या. तिथे तर खेडंही नव्हतं, मिडलटन नावाची बाजारपेठ होती. जोसेफ डेमर ह्या लॉर्डला ती आपल्या घरासमोर नको होती. घरांचे करार संपतील तसतशी तो घरं पाडत गेला. हॅरिसन नावाचा वकील करार सोडेना, तर तळ्याचं पाणी त्याच्या घरात सोडलं अशी कथा आहे, आणि हॅरिसनने दावा लावून जिंकला असंही सांगतात. १७८० च्या सुमाराला दूर दरीत एकसारख्या पांढऱ्या, गवताने शाकारलेल्या घरांचं नवं गाव वसवलं. आज कॅलेंडरांवर 'खास इंग्लिश खेडं' म्हणून त्याचाच फोटो असतो. विस्थापितांची वसाहत, आणि लोकांना ती गोड वाटते.

आईंना म्हणावं, तुमची नजर पक्की आहे. देवळावरून गाव ओळखायचं हे ज्याचं गाव गेलंय त्यालाच सुचतं.

डर्बीकर

गावकूस, सांगितलं तिला. म्हणाली, "आमचं देऊळबी पाण्यात गेलं, ह्यांचं निदान ऱ्हायलं." पुढे काही बोलली नाही.

जुनाजाणता

चर्चा आवडली. मराठी बाजूने थोडी भर घालतो.

कर्झन आणि पुणं हे प्रकरण गोखल्यांच्या भाषणावर थांबत नाही. १९०३ मध्ये मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. १९०४ मध्ये कर्झनने गोखल्यांना सी.आय.ई. हा किताबही दिला. दोघांना एकमेकांची पात्रता ठाऊक होती. पण त्याच वर्षी विद्यापीठांचा कायदा आला, उच्च शिक्षणावर सरकारी मूठ आवळणारा, आणि त्याला गोखल्यांनी कौन्सिलात शेवटपर्यंत विरोध केला. मग ऑक्टोबर १९०५ मध्ये वंगभंग. त्याच महिन्यात पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली. डिसेंबरात बनारसच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून गोखल्यांनी, मवाळ गोखल्यांनी, कर्झनच्या कारभाराला थेट औरंगजेबाची उपमा दिली. मराठी माणूस ही उपमा सहज वापरत नाही.

आणि काकासाहेब खाडिलकर. १९०७ चं त्यांचं 'कीचकवध'. रंगमंचावर विराटाचा दरबार, पण पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं की सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, सबुरी सांगणारा धर्मराज म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, आणि कीचक म्हणजे कर्झन. १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडलं. केडल्स्टनच्या मुलाला महाराष्ट्राने असा लक्षात ठेवला.

तरी दुसरी बाजू लिहिली नाही तर अन्याय होईल. पुरातत्त्व खात्यात त्याने जीव ओतला, १९०२ मध्ये जॉन मार्शलला आणलं, १९०४ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला. विजापूरच्या जुन्या इमारतींत थाटलेल्या सरकारी कचेऱ्या त्याने हलवायला लावल्या. मायदेशी परतल्यावर पडझड झालेला टॅटरशल किल्ला स्वतःच्या पैशाने विकत घेऊन वाचवला. मला वाटतं हे केडल्स्टनमुळेच. जुन्या घरात वाढलेल्याला दगडाची किंमत कळते. माणसांची कळली नाही.

डर्बीकर

जुनाजाणता काका, शेवटच्या वाक्यावर थोडं लिहितो, कारण त्याचं उत्तर कदाचित त्याच वाड्यात आहे.

त्याचे वडील लॉर्ड आणि शिवाय त्याच चर्चचे धर्मगुरू. मुलं अकरा. ती वाढली मिस पॅरमन नावाच्या दाईच्या हाताखाली, आणि ती बाई क्रूर होती. कर्झनने मोठेपणी लिहून ठेवलंय: खोटारडा, चोरटा, भित्रा असे शब्द लिहिलेली लांब टोकदार टोपी घालून तिने त्याला पार्कातून चारचौघांसमोर फिरवलं. जो पार्क बघून आपण 'अहाहा' म्हणतो, तोच.

आता फेब्रुवारी १९०५ आठवा. कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात हाच माणूस हिंदी तरुणांना सांगतो की सत्याचा उच्च आदर्श ही प्रामुख्याने पाश्चात्त्य कल्पना आहे. देशभर संताप उसळला. मी ह्यातून त्याला माफ करत नाही. पण सात-आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यावरची ती टोपी, आणि चाळिशी ओलांडलेल्या व्हाइसरॉयचं ते भाषण, ह्या दोन गोष्टी माझ्या मनात आता वेगळ्या होत नाहीत.

ओसरी

विषय जवळचा म्हणून एक भर. पुण्याशी थेट नातं असलेलाही एक इंग्लिश वाडा आहे: विल्टशायरमधलं विल्बरी हाउस. वाडा १७१० चा, विल्यम बेन्सनने बांधलेला. पण नंतर तो घेतला सर चार्ल्स मॅलेटने, म्हणजे आपल्या पेशवे दरबारातला इंग्रज वकील! नाना फडणविसांच्या पत्रव्यवहारात 'मालिट' म्हणून येतो तोच.

१७९० मध्ये टिपूविरुद्धचा तह त्याने पुण्यात केला. त्या दरबाराचं मोठं चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल, सवाई माधवराव गादीवर, मागे गणपती. जेम्स वेल्स ह्या चित्रकाराने पुण्यात रेखाटनं केली, तो १७९५ मध्ये मुंबई भागात वारला आणि त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये ते तैलचित्र पुरं केलं. मॅलेटने वेल्सच्याच मुलीशी, सुझॅनाशी, लग्न केलं होतं. आज ते चित्र लंडनच्या टेट कलादालनाकडे आहे. शनिवारवाड्याचा दरबार जळून गेला, त्याची आठवण ह्या एका चित्रात राहिली.

निवडुंग

वाडा कर्झन घराण्याकडून सुटला कसा? एवढं सांगा.

डर्बीकर

नेहमीच्याच वाटेने. लॉर्ड कर्झनला तीन मुली, मुलगा नाही. वडील १९१६ पर्यंत जगले, त्यामुळे केडल्स्टनचा मालक म्हणून त्याला जेमतेम नऊ वर्षं मिळाली. पुढे पुतण्याकडे गेलं. दुसऱ्या महायुद्धात पार्कात लष्कराची छावणी पडली. १९७७ मध्ये तो पुतण्या वारला आणि वारसाकर इतका आला की सगळं लिलावात जायची वेळ आली. वाटाघाटी दहा वर्षं चालल्या. शेवटी १९८७ मध्ये राष्ट्रीय वारसा निधीच्या मदतीने वाडा नॅशनल ट्रस्टकडे गेला. कुटुंबाला बाजूच्या इमारतीत राहायचा हक्क ठेवला. मुळातही ती माणसं तिथेच राहत होती, मधला भाग परक्यांना दाखवायलाच होता. तसं पाहिलं तर फारसं बदललं नाही.

हुगळीकाठ

मी कोलकात्यात तीस वर्षं आहे. आमच्या कचेरीतून ती इमारत रोज दिसते, आता राज्यपालांचं निवासस्थान. हे दुसऱ्या घरावरून बेतलंय एवढं ऐकलं होतं, मूळ घर अर्धं राहिलं हे आज कळलं. आज मुद्दाम कुंपणाबाहेरून पूर्ण फेरी मारून आलो. झाडी फार दाट आहे. पूर्व-पश्चिमेच्या वेशींवर सिंह आहेत. दक्षिणेच्या बाजूला घुमट दिसतो, आणि झाडांतून नीट बघितलं तर कोपऱ्यावरचे दोन्ही पंखही.

डर्बीकर, तुमच्याकडे ज्या ठिकाणी नुसतं गवत आहे, त्याचा एक फोटो टाकाल का? मी इथल्या त्याच जागेचा टाकतो.

डर्बीकर

नक्की टाकतो. रविवारी जातोय. दक्षिणेच्या बाजूला विजयकमानीकडे तोंड करून उभा राहीन, म्हणजे डाव्या-उजव्या हाताची मोकळी जागा एकाच चौकटीत येईल. तुम्हीही दक्षिणेकडूनच घ्या.